वसाहतींची वरिष्ठ सभागृहे: नेमलेली, निवडलेली आणि अडून बसलेली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनच्या गोऱ्या वसाहतींना एकामागून एक जबाबदार शासन मिळाले. मंत्रिमंडळ लंडनला नव्हे, तर तिथल्या विधानसभेला जबाबदार राहू लागले. ऑस्ट्रेलियात तर कनिष्ठ सभागृहाचा मताधिकार पाहता पाहता रुंदावला. साउथ ऑस्ट्रेलियाने १८५६ मध्ये, व्हिक्टोरियाने १८५७ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने १८५८ मध्ये जवळपास सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले. खुद्द ब्रिटनमध्ये तेव्हा बहुसंख्य कामगारांना मत नव्हते. या उधाणाला बांध हवा, असे वसाहतीतल्या धनिकांना आणि लंडनमधल्या मुत्सद्द्यांना वाटत होते. वरिष्ठ सभागृह हा तो बांध. प्रश्न एवढाच होता की त्यात बसवायचे कोणाला आणि कसे. याची दोन उत्तरे पुढे आली. एक, गव्हर्नरने मंत्र्यांच्या सल्ल्याने तहहयात सभासद नेमावेत. दोन, मालमत्ताधारकांनी आपल्यातले सभासद निवडून द्यावेत. नेमणूक ही जुनाट, दरबारी पद्धत आणि निवडणूक ही, कितीही अरुंद असली तरी, लोकशाहीकडे टाकलेले पाऊल, असे आपण सहज मानून चालतो. पन्नास वर्षांचा अनुभव मात्र याच्या उलट साक्ष देतो. ज्या सभागृहात सरकारला नवे सभासद पाठवता येत होते ते शेवटी वाकले. ज्याचे दार बाहेरून उघडता येत नव्हते ते अडून बसले, आणि ‘आम्हीही निवडून आलो आहोत’ हा दावा त्याच्या अडून बसण्याला बळ देत राहिला. सभासद कोण होते याहून, पेचाच्या वेळी त्यांची संख्या आणि मुदत कोणाच्या हाती होती, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला.

वसाहतींपुढचा नमुना ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सचा होता, पण लॉर्ड्‌स आणायचे कुठून, ही अडचण पहिल्यापासून होती. कॅनडासाठी १७९१ मध्ये केलेल्या कायद्यात वंशपरंपरागत किताब देऊन त्यांना विधान परिषदेची जागा जोडण्याची तरतूद होती. ती कधीच वापरली गेली नाही. नव्या भूमीत पिढीजात सरदारकीला आधार देणारी जुनी घराणी नव्हती, कुळे नव्हती, परंपरेचा दबदबाही नव्हता. तरीही १८५३ मध्ये न्यू साउथ वेल्सची राज्यघटना तयार करताना विल्यम चार्ल्स वेंटवर्थ यांनी वंशपरंपरागत वसाहती सरदारवर्गाची कल्पना पुन्हा मांडली. सिडनीच्या व्हिक्टोरिया थिएटरमध्ये त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भरलेल्या निषेधसभेत तरुण वक्ते डॅनियल डेनिही यांनी या योजनेला ‘बनयिप सरदारशाही’ म्हटले. बनयिप हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांतला पाणथळीचा काल्पनिक प्राणी. योजना त्या हशातच बुडाली. उरली ती नेमणुकीची पद्धत: किमान २१ सभासद, पहिली नेमणूक पाच वर्षांसाठी आणि त्यानंतरच्या नेमणुका तहहयात. कमाल संख्या मात्र घटनेने ठरवून दिली नाही. वरकरणी किरकोळ वाटणारी ही मोकळीकच पुढे सर्वांत महत्त्वाची ठरली.

शेजारच्या व्हिक्टोरियाने दुसरे उत्तर निवडले. सोन्याच्या खाणींमुळे तिथली वस्ती काही वर्षांत अनेक पटींनी वाढली होती आणि बाहेरून आलेल्या या लोंढ्याची धास्ती जमीनदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मनात होती. गव्हर्नरच्या मर्जीवर नेमलेले सभागृह या धास्तीला पुरेसे उत्तर नव्हते. गव्हर्नर मंत्र्यांच्या सल्ल्याने चालणार आणि मंत्री विधानसभेच्या बळावर, हे त्यांनी नीट हेरले होते. म्हणून १८५५ च्या घटनेने विधान परिषद निवडणुकीची केली आणि तिच्याभोवती मालमत्तेचे कुंपण घातले. सभासद होण्यासाठी वय ३० आणि ५,००० पौंडांची, किंवा वर्षाला ५०० पौंड मूल्याची, स्वतःची स्थावर मालमत्ता हवी. खाणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्याला हयातभरात जमणारी ही रक्कम नव्हे. मतदार होण्यासाठी १,००० पौंडांची, किंवा वर्षाला १०० पौंड मूल्याची, मालमत्ता; त्याखेरीज पदवीधर, वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक, शिक्षक आणि लष्करी अधिकारी यांना शिक्षणाच्या किंवा पेशाच्या नात्याने मत. सहा प्रांत, प्रत्येकाचे पाच असे ३० सभासद, आणि मुदत दहा वर्षांची. दर दोन वर्षांनी प्रत्येक प्रांतातला एक निवृत्त होणार, म्हणजे लोकमत कितीही पालटले तरी दोन वर्षांत परिषदेचा फक्त पाचवा हिस्सा बदलणार. सभासदांना मानधन नाही. परिषद कोणालाही विसर्जित करता येत नाही. अर्थविधेयकात तिने दुरुस्ती करायची नाही, पण ते पुरते फेटाळायला मोकळीक. आणि या रचनेत बदल करायचा तर त्याला परिषदेचीच संमती हवी. एवढ्या अटी एकत्र वाचल्या की घटनाकारांचा हेतू लपून राहत नाही. तिथे मोठे पशुपालक, आयातदार आणि बँकांचे संचालक बसले. वसाहतीतले अतिश्रीमंत जमीनदार सर विल्यम क्लार्क हे १८७८ पासून जवळपास दोन दशके तिथले सभासद होते.

दोन्ही रचनांची कसोटी एकाच प्रश्नावर लागली: जमीन. ऑस्ट्रेलियात ‘स्क्वॉटर’ म्हणजे सरकारी जमिनीच्या प्रचंड पट्ट्यांवर नाममात्र शुल्क देऊन मेंढ्या चारणारे बडे पशुपालक. ही जमीन मुळात तिथल्या आदिवासींची होती आणि या वादातल्या कोणत्याच बाजूने त्यांचा हक्क विचारात घेतला नाही, हे आधी नोंदवायला हवे. गोऱ्या वसाहतकऱ्यांमधला झगडा असा होता की हे पट्टे फोडून लहान शेतकऱ्याला शेत मिळावे की नाही. न्यू साउथ वेल्समध्ये चार्ल्स काउपर यांच्या सरकारातले जॉन रॉबर्टसन यांनी यासाठी विधेयके आणली. १८६० च्या अखेरच्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना भरघोस कौल दिला. रॉबर्टसन स्वतः विधानसभेची जागा सोडून विधान परिषदेत गेले, विधेयके तिथे लढवता यावीत म्हणून. परिषद तरीही अडली. तिची पाच वर्षांची पहिली मुदत १३ मे १८६१ ला संपणार होती. १० मे रोजी गव्हर्नर सर जॉन यंग यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून एकदम २१ नवे सभासद नेमले. ते त्या संध्याकाळी शपथ घ्यायला येऊन थांबले होते. परिषदेचे अध्यक्ष सर विल्यम बर्टन यांनी त्यांना शपथ देण्याऐवजी आपला राजीनामा जाहीर केला आणि ते सभागृहातून निघून गेले. त्यांच्या विचाराचे जुने सभासदही त्यांच्यामागून उठले. अध्यक्षच नाही, तर शपथ कोण देणार आणि कामकाज कसे चालणार? सभागृह तहकूब झाले आणि तीन दिवसांनी मुदतीअभावी आपोआप संपले.

त्या दिवसापुरती जुन्या सभासदांची सरशी झाली. लंडनमधून वसाहतमंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांनी गव्हर्नरला समजही दिली. पण पुढचे पाहिले पाहिजे. नवी परिषद तहहयात नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद चक्क वेंटवर्थ यांच्याकडे आले, म्हणजे सरदारवर्गाची कल्पना मांडणाऱ्या, पक्क्या पुराणमतवादी नेत्याकडे. त्याच परिषदेतून रॉबर्टसन यांचे जमीन कायदे त्याच वर्षी मंजूर झाले. सभासद काही रातोरात उदारमतवादी झाले नव्हते. गव्हर्नरने एकदा संख्या वाढवली तर तो पुन्हाही वाढवू शकेल, ही जाणीव त्यांना पुरेशी होती. १८३२ मध्ये ब्रिटनमध्ये हेच घडले होते. राजा चौथ्या विल्यमने नवे लॉर्ड करण्याचे आश्वासन दिले आणि ते प्रत्यक्ष न करताच सुधारणा विधेयक पार पडले. नवे सभासद पाठवून सभागृह भरून टाकण्याचा अधिकार बहुतेक वेळा न वापरताच काम करतो.

व्हिक्टोरियात असा उपाय कोणाकडेच नव्हता. १८६० मध्ये तिथल्या परिषदेने जमीन विधेयकाची इतकी कापाकापी केली की २८ ऑगस्टच्या रात्री संतप्त जमाव मेलबर्नच्या संसदभवनावर चालून गेला. १८६५ मध्ये जेम्स मॅकलॉक यांच्या सरकारने आयात मालावरची नवी जकात वार्षिक खर्चाच्या विधेयकाला जोडून पाठवली, कारण सुटी पाठवली तर परिषद ती फेटाळणार, हे दिसत होते. परिषदेने संपूर्ण विधेयकच बाजूला ठेवले आणि सरकारी तिजोरीचे तोंड कायद्याने बंद झाले. मग शोधलेली पळवाट पाहण्यासारखी आहे. सरकारने लंडन चार्टर्ड बँकेकडून कर्ज घेतले. मॅकलॉक हे त्या बँकेचे स्थानिक संचालक होते. बँकेने वसुलीसाठी सरकारवर दावा लावला, सरकारने तो लढवला नाही, आणि न्यायालयीन देण्याच्या नावाखाली खजिन्यातून पैसे बाहेर काढले गेले. यात सरकारला साथ दिल्याबद्दल गव्हर्नर सर चार्ल्स डार्लिंग यांना लंडनने १८६६ मध्ये परत बोलावले. त्यांच्या पत्नीला २०,००० पौंड द्यायचे विधानसभेने ठरवले. परिषदेने तेही अडवले आणि १८६८ पर्यंत वसाहत पुन्हा त्याच पेचात सापडली. जकातीसारख्या साध्या प्रश्नावरून निवडून आलेल्या सरकारला कायद्याच्या फटी शोधाव्या लागतात, तेव्हा दोष माणसांपेक्षा रचनेत असतो.

दहा वर्षांनी हे आणखी उग्र रूपात घडले. ग्रॅहम बेरी यांच्या सरकारला आमदारांचे मानधन चालू ठेवायचे होते. बिनपगारी संसदेत फक्त सुखवस्तू माणूसच बसू शकतो, म्हणून कामगारांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा प्रश्न. मानधनाची तरतूद खर्चाच्या विधेयकात घातली गेली आणि परिषदेने विधेयक अडवले. जानेवारी १८७८ मध्ये एके दिवशी सरकारने दिवाणी न्यायाधीश, पोलीस मॅजिस्ट्रेट, कॉरोनर आणि खात्यांचे वरिष्ठ अधिकारी यांना मोठ्या संख्येने एका फटक्यात कामावरून दूर केले. पगाराला पैसे नाहीत हे कारण दिले गेले. परिषदेला ज्या वर्गाचा आधार होता त्याला झळ पोहोचवणे हाही हेतू होता. हा दिवस तिथल्या इतिहासात ‘काळा बुधवार’ म्हणून नोंदला गेला. मानधनावर पुढे तडजोड झाली, पण परिषदेची रचना बदलेना. १८७९ मध्ये बेरी आणि चार्ल्स पिअर्सन ब्रिटिश सरकारकडे दाद मागायला लंडनला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. शेवटी १८८१ मध्ये परिषदेला मान्य होईल एवढीच सुधारणा झाली: सभासद ३० वरून ४२, प्रांत सहाऐवजी १४, मुदत सहा वर्षे आणि मालमत्तेच्या अटी बऱ्याच खाली. दार काहीसे रुंद झाले, पण ते आतूनच उघडले गेले, आणि विसर्जनाचा मार्ग तेव्हाही मिळाला नाही.

कॅनडाचा अनुभव या मांडणीची चांगली परीक्षा घेतो, कारण तिथे दोन्ही पद्धती एकाच भूमीत वापरल्या गेल्या. लोअर कॅनडाच्या विधानसभेने १८३४ च्या ९२ ठरावांत नेमलेल्या परिषदेवर झोड उठवून निवडणुकीची मागणी केली. ती धुडकावली गेली आणि १८३७-३८ मध्ये बंड झाले. तेव्हाची परिषद नेमलेली होती आणि तरीही कमालीची हटवादी होती. मग माझे म्हणणे कोसळते का? नाही, कारण तेव्हा जबाबदार शासन नव्हते. नेमणूक गव्हर्नर स्वतःच्या वर्तुळातून करत होता, विधानसभेच्या विश्वासावरच्या मंत्र्यांच्या सल्ल्याने नव्हे. पुढे १८५६ पासून संयुक्त कॅनडा प्रांताची परिषद टप्प्याटप्प्याने निवडणुकीची झाली. पण १८६७ मध्ये महासंघ घडवताना कॅनडाने ती पद्धत सोडून पुन्हा तहहयात नेमणुकीचे सिनेट स्वीकारले. निवडलेले वरिष्ठ सभागृह कनिष्ठाशी बरोबरीचा दावा करील, अशी भीती जॉर्ज ब्राउन यांच्यासारख्या सुधारकालाही वाटत होती. मात्र या वेळी सभासदसंख्या ७२ वर बांधून टाकली आणि पेचात फक्त तीन किंवा सहा जादा सभासद नेमण्याची मुभा ठेवली, तीही लंडनच्या संमतीने. अलेक्झांडर मॅकेन्झी यांच्या सरकारने १८७३ मध्ये सहा सभासद मागितले, तेव्हा लंडनने नकार दिला. म्हणजे नेमणूक आहे म्हणून सभागृह मऊ, असा सरळ नियम नाही. नेमणुकीचा सल्ला कोणाचा आणि संख्या खुली की बांधलेली, यावर ते ठरते.

न्यूझीलंडमध्ये हा नियम अगदी स्पष्ट दिसतो. तिथली विधान परिषद नेमलेली, तहहयात आणि संख्येने खुली. १८९० च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची सरशी झाल्यावर मावळते पंतप्रधान हॅरी ॲटकिन्सन यांनी सत्ता सोडण्याआधी स्वतःसह आपल्या पक्षाची माणसे परिषदेत नेमून घेतली आणि ते तिचे अध्यक्षही झाले. पराभूत पक्षाने वरिष्ठ सभागृहात ठाण मांडण्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. जॉन बॅलन्स यांच्या नव्या सरकारने १८९१ मध्ये यापुढच्या नेमणुका सात वर्षांच्या करून घेतल्या आणि बारा नवे सभासद मागितले. गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या लॉर्ड ग्लासगो यांनी एवढी संख्या नाकारली. प्रकरण लंडनला गेले. तेव्हा वसाहतमंत्री होते लॉर्ड रिपन, तेच रिपन ज्यांच्या १८८२ च्या ठरावामुळे आपल्याकडच्या नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. गव्हर्नरने मंत्र्यांचा सल्ला मानावा, असा निर्णय त्यांनी दिला. त्यानंतर, ८ सप्टेंबर १८९३ रोजी, याच परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराचे विधेयक २० विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाले. विरोधातल्या दोघांनी पंतप्रधान रिचर्ड सेडन यांच्या ढवळाढवळीवर रागावून ऐन वेळी बाजू बदलली, हे खरे. तरी विधेयक तिथवर दोन मतांच्या अंतरावर आले होते, आणि न्यूझीलंड हा संसदीय निवडणुकीत स्त्रियांना मत देणारा पहिला स्वशासित देश ठरला. व्हिक्टोरियाच्या निवडलेल्या परिषदेने हाच हक्क पुन्हापुन्हा फेटाळून १९०८ पर्यंत रोखून धरला. ऑस्ट्रेलियाच्या सहा राज्यांत ते शेवटचे.

यावर काही आक्षेप येतील आणि ते गंभीर आहेत. पहिला, साउथ ऑस्ट्रेलियाची परिषदही निवडलेलीच होती, तरी तिने १८९४ मध्ये स्त्रियांना मत दिले. याचे कारण तिच्या रचनेतच आहे. तिथे सभासदाला मालमत्तेची अट नव्हती आणि मतदाराला ५० पौंडांची मालमत्ता पुरेशी होती. मतदारवर्ग जेवढा रुंद तेवढी निवडलेली परिषद लोकमताच्या जवळ येते, हे मी नाकारत नाही. पण त्याच साउथ ऑस्ट्रेलियात परिषदेचा मालमत्तेवर आधारलेला मताधिकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला, हेही विसरता येत नाही. दुसरा आक्षेप, नेमलेल्या परिषदाही अडवणूक करत. क्वीन्सलंडच्या परिषदेने १८८५ मध्ये आमदारांच्या खर्चाच्या तरतुदीवरून अर्थविधेयकात हात घातला आणि वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८८६ मध्ये निर्णय विधानसभेच्या बाजूने लागला. अडवणूक दोन्हीकडे होती. फरक तिच्या आयुष्याचा आहे. क्वीन्सलंडमध्ये ती वर्षभरात निकाली निघाली. व्हिक्टोरियात एकच भांडण नवनव्या निमित्ताने वीस वर्षे चालले.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. मंत्र्यांना हवे तेव्हा सभासद भरता येत असतील, तर वरिष्ठ सभागृह हे मंत्र्यांच्या हातचे बाहुले होणार आणि पक्षाच्या माणसांची सोय लावण्याचे ठिकाणही. हे घडले, आणि घडले नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. नेमलेल्या परिषदांची प्रतिष्ठा शतकाच्या अखेरीस ओसरली ती यामुळेच. पण दोन गोष्टी तराजूत घालायला हव्यात. भरणा करणाऱ्या मंत्र्याला पुढच्या निवडणुकीत त्याचा जाब द्यावा लागे. अडवणूक करणाऱ्या व्हिक्टोरियाच्या सभासदाला दहा वर्षे कोणालाच जाब द्यावा लागत नसे. शिवाय नेमणुकीच्या दाराने कधीकधी असा माणूस आत आला ज्याला मालमत्तेच्या कुंपणातून प्रवेश मिळाला नसता. १८७२ मध्ये वी ताको न्गातता आणि मोकेना कोहेरे हे दोन माओरी नेते न्यूझीलंडच्या परिषदेत नेमले गेले. मोठ्या अन्यायापुढे ही तुटपुंजी भरपाई होती, पण व्हिक्टोरियाच्या रचनेत तेवढीही शक्यता नव्हती. चौथा आक्षेप, परिषदांनी घाईत केलेले कायदे सुधारले, भाषेतल्या चुका काढल्या, विचाराला वेळ दिला. हे मान्यच आहे. फेरविचारासाठी काही महिन्यांचा विलंब पुरतो. त्यासाठी कायमचा नकाराधिकार लागत नाही.

शेवटचा हिशेबही याच दिशेने बोट दाखवतो. क्वीन्सलंडमध्ये १९१७ च्या सार्वमतात लोकांनी परिषद बरखास्तीला नकार दिला होता. तरीही सरकारने नेमलेल्या सभासदांच्या बहुमताने परिषद १९२२ मध्ये संपली. न्यूझीलंडची परिषद अशाच नव्या सभासदांच्या मतांनी १९५० च्या अखेरीस संपली. ज्या दारातून सभासद भरता येत होते त्याच दारातून सभागृहे बंदही करता आली. यात धोका आहे आणि क्वीन्सलंडचे उदाहरण तो लपवत नाही. व्हिक्टोरियाच्या परिषदेला मात्र सर्व प्रौढांचा मताधिकार १९५० मध्ये आला, म्हणजे विधानसभेच्या पुरुषांना तो मिळाल्यावर जवळजवळ शतकाने. टास्मानियात तर १९६० चे दशक उजाडावे लागले. याच शतकात मुंबईलाही कौन्सिल मिळाले. १८६१ च्या कायद्यानुसार १८६२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट गव्हर्नरच्या कायदेमंडळात नेमले गेले. पण तिथे कनिष्ठ सभागृहच नव्हते, म्हणून हा पेच उभा राहण्याचा प्रश्नच आला नाही. मुंबई प्रांतात दोन सभागृहे समोरासमोर आली ती १९३७ नंतर.

भारताच्या राज्यघटनेने या अनुभवाचे सार नेमके पकडले आहे. महाराष्ट्राची विधान परिषद विसर्जित होत नाही, तिचे एक तृतीयांश सभासद दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, आणि पदवीधर, शिक्षक, स्थानिक संस्था, आमदार आणि राज्यपालनियुक्त अशी तिच्या ७८ सभासदांची मिश्र घडण आहे. रचना पाहिली तर तिच्यात व्हिक्टोरियाचा बराच अंश दिसतो. पण सामान्य विधेयक ती फार तर चार महिने लांबवू शकते, अर्थविधेयक १४ दिवस. आणि विधानसभेच्या ठरावानंतर संसद ती रद्दही करू शकते, जसे पश्चिम बंगालमध्ये १९६९ मध्ये आणि तमिळनाडूत १९८६ मध्ये झाले. तिच्या जागा कोणाच्या वाट्याला येतात यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते, आणि ती व्हावीही. पण जिथे जिथे नवी परिषद स्थापण्याची किंवा जुनीचे अधिकार वाढवण्याची मागणी पुढे येईल, तिथे वाचकांनी आधी एक प्रश्न विचारावा: लोकांनी निवडलेल्या सभागृहाशी तिचा कायमचा मतभेद झाला, तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो किती दिवसांत? ज्या परिषदेपाशी या प्रश्नाचे लेखी, मुदतबंद उत्तर नाही, ती नेमलेली असो वा निवडलेली, स्वीकारण्याजोगी नाही.